गुळणीला ओ

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात घड्याळं होती, पण त्यांच्यावर कोणी विसंबून नसे. पहाटे पावणेपाचला माडीवरचे वकीलकाका मोरीत जाऊन खाकरत. हा पहिला गजर. त्यांची खाकर कोरडी, दोन तुकड्यांत मोडलेली, साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलावल्यासारखी. पाचला पोस्टातले काका मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत. त्यांचा आवाज बारीक पण चिवट, भरल्या हंड्यात तांब्या बुडवल्यासारखा. आणि सव्वापाचला आमचे वडील.

वडिलांची गुळणी ही ऐकायची चीज होती. मान मागे टाकून, डोळे मिटून ते खर्जात सुरुवात करत, पाणी घशात खेळवत खेळवत वर नेत आणि शेवटी असा काही समारोप करत की मोरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडून समोरच्या देवळावर जात. मग एकदम शांतता. माडीवरून वकीलकाका हटकून एकदा खाकरत. वडील त्याला उत्तर देत नसत. पंच्याने तोंड पुसत बाहेर येत आणि चहा मागत.

वाड्यातल्या बायकांचा या प्रकाराला विरोध होता, पण तो नोंदवायचा तर सव्वापाचला उठावं लागलं असतं. आजी म्हणायची, "करू देत गं. पुरुषांना दुसरं काय जमतं? निदान उठल्याची वर्दी तरी देतात."

ही परंपरा घेऊन मी अमेरिकेत आलो. इथली घरं लाकडाची आणि भिंती पुठ्ठ्याच्या. पहिल्या अपार्टमेंटमध्ये मी तीन दिवस घराण्याच्या गायकीने गुळण्या केल्या. चौथ्या दिवशी दारावर चिठ्ठी: 'तुम्हाला डॉक्टरची गरज आहे का? आम्ही फोन करू शकतो.' त्या दिवसापासून बायकोने कायदा केला. नळ सोडून, दार लावून, तोंड मिटून जे काय करायचं ते करायचं. लोक चोरून सिगारेट ओढतात, चोरून पत्ते खेळतात. मी वीस वर्षं चोरून गुळण्या केल्या.

मग आम्ही मिझुरी राज्याच्या मधोमध, गावाबाहेर घर घेतलं. मागच्या अंगणाला लागून ओक आणि हिकरीचं रान. एप्रिल महिना होता. ओकचे पिवळे पराग गाडीच्या टपावर, खिडकीच्या कडेला आणि माझ्या घशात साचले होते. बायको कामासाठी शिकागोला गेलेली, लेक मैत्रिणीकडे. पहाट अजून नीट फुटली नव्हती. मी कोमट पाण्यात मीठ घातलं, न्हाणीघराची खिडकी उघडली आणि वीस वर्षांची थकबाकी एका गुळणीत चुकती केली.

रानातून ओ आली.

अगदी माझाच आवाज, फक्त तरुणपणीचा. गळ्यातून खळाळत वर जाणारा आणि शेवटी कोसळणारा. मी तोंडात पाणी धरून थांबलो. पुन्हा गुळणी केली. पुन्हा ओ. तिसऱ्यांदा केली तर माझी संपायच्या आतच तिकडून सुरू. इतक्या वर्षांत या देशात माझं बोलणं पहिल्या खेपेला कोणाला समजलेलं नाही. गाडीतून कॉफी मागावी तर खिडकीतली मुलगी 'पुन्हा सांगता?' म्हणते. इथे मात्र झाडावरून कोणीतरी मला शब्दन् शब्द समजून उत्तर देत होतं. मी पंचा गुंडाळूनच मागच्या अंगणात गेलो.

कुंपणापलीकडे शेजारचे मास्तर कॉफीचा मग घेऊन उभे होते. मास्तर म्हणजे शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. वय चौऱ्याहत्तर, बोलणं मोजकं, नखांत कायम अक्रोडाच्या लाकडाचा भुसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंच्याकडे पाहिलं आणि रानाकडे बोट दाखवून म्हणाले, "टॉम आहे. रानटी टर्कीचा नर. तुम्ही आत्ता कुठला कॉल वाजवलात?"

मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पन्नास वर्षं शिकार करतोय. हे नवीन आहे."

कुंपणाला टेकून मास्तरांनी मला पहिला धडा दिला. वसंतात हा नर रात्री झाडावर झोपतो आणि उजाडता उजाडता फांदीवरूनच ओरडायला लागतो. त्या ओरडण्याला म्हणायचं गॉबल. पहाट शांत असेल तर गॉबल मैलभर ऐकू जातो. त्याचा अर्थ साधा: मी इथे आहे. मादी असेल तिने यावं, नर असेल त्याने विचार करून यावं. अंगात वसंत भिनलेला असतो तेव्हा त्याला राहवतच नाही. घुबड घुमलं, कावळा ओरडला, गाडीचं दार आपटलं, ढग गडगडले, कशालाही तो उत्तर देतो. "तेव्हा तुमच्या गुळणीला उत्तर दिलं म्हणून फार फुगू नका," मास्तर म्हणाले. "तो गाडीच्या दारालाही देतो."

मला कोकिळेची आठवण झाली. साताऱ्यात आंब्याच्या झाडाखाली उभं राहून आम्ही पोरं 'कुऊऽ' करायचो आणि झाडावरचा कोकीळ चिडून एकेक सूर चढवत जायचा. शेवटी आमचे गळे बसायचे, त्याचा नाही. मास्तरांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "म्हणजे शिक्षण झालंय तुमचं. फक्त वाद्य घ्यायचं राहिलंय."

वाद्य घ्यायला मी एकटाच गेलो, ही चूक. शिकारीच्या सामानाच्या त्या भल्यामोठ्या दुकानात टर्कीच्या कॉलची एक अख्खी भिंत होती. पुण्यात लग्नाच्या साड्या घ्यायला गेलं की जसं सगळंच सारखं आणि सगळंच वेगळं दिसायला लागतं तसं माझं झालं. दुकानातल्या पोराने एकेक नग काढून दाखवला.

पहिला बॉक्स कॉल. लांबट लाकडी डबी, वर एका खिळ्यावर फिरणारं झाकण. झाकणाला खडू फासून ते डबीच्या कडेवरून ओढलं की मादीचा आवाज येतो. खडूही साधा चालत नाही. त्यात तेल-मेण असलं तर डबी मुकी होते. या डबीचं पेटंट 1897 साली अर्कान्सामधल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सनने घेतलं होतं. सव्वाशे वर्षांत तिच्यात फारसा बदल झालेला नाही, यावरून टर्कीच्या मादीनेही आपली भाषा बदललेली नाही असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा पाटीचा. अक्षरशः पाटी! पुरणपोळी करायला घेतलेल्या उंड्याएवढ्या गोल भांड्यात दगडी पाटीची चकती बसवलेली आणि सोबत लाकडी काडी. काडी पाटीवर विशिष्ट कोनात दाबून छोटे छोटे गोल काढायचे. मला हे तिथल्या तिथे जमलं. पाटीवर पेन्सिल करकरवल्याबद्दल दुसरीत मी कान पिळून घेतलेला आहे. तेव्हाच्या बाईंना कल्पना नव्हती की त्या एका शिकाऱ्याचं भवितव्य पिळत आहेत.

तिसरा तोंडातला, त्याचं नाव डायफ्राम. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चौकटीत रबराचा पातळ पडदा ताणलेला. तो टाळूला चिकटवायचा आणि जीभ लावून फुंकायचं. दुकानातला पोरगा म्हणाला, "हा नवशिक्यांना जड जातो." मी मनात म्हटलं, बाळा, तुझ्या भाषेत 'ळ' नाही. माझी जीभ जन्मापासून टाळूवर कसरत करते आहे. 'बाळ टिळक', 'काळा कावळा', 'खळखळाट' हे मी तीन वर्षांचा असताना म्हटलेलं आहे. मी मोठ्या आत्मविश्वासाने तो टाळूला लावला. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा पिंप्री-चिंचवडच्या बसचा ब्रेक लागला. तिसऱ्यांदा मला ओकारी आली. 'ळ'ला जीभ मागे वळवावी लागते; इथे ती सपाट ठेवून पुढे दाबावी लागते. म्हणजे माझी मातृभाषाच आडवी आली. तो डायफ्राम पुढे आमच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात राहिला. रबर टिकावं म्हणून थंड ठेवायचा असतो. लेकीच्या मैत्रिणीने एकदा तो हातात घेऊन 'हे कोणाच्या दातांचं आहे?' असं विचारलं आणि नंतर आमच्याकडे जेवायला आली नाही.

हे सगळे कॉल मादीचे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी हा रिवाज उलटा करतो. तो स्वतः मादी होऊन एका जागी बसतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. म्हणून नर यायला कुरकुर करतो. घराण्यात असं कधी झालेलं नसतं.

मला मात्र मादीच्या आवाजात रस नव्हता. मला गॉबल हवा होता. पोराने खालच्या खुंटीवरून एक काळी वस्तू काढली. काळ्या रबराची घड्याघड्यांची नळी, हार्मोनियमच्या भात्याचं पिल्लू असावं तशी. एका टोकाला प्लास्टिकचं तोंड आणि आत पातळ पडदा. धरायची आणि झटकायची. आतली हवा पडद्यातून पुढेमागे होते आणि गॉबल निघतो. फुंकणं नाही, जीभ नाही, खडू नाही. मी दुकानात एकदा झटकली. मासेमारीच्या विभागातल्या दोघांनी माना वर केल्या. मी पैसे दिले.

मास्तरांनी ती नळी पाहिली आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "सगळ्यात मोठा आवाज घेतलात," एवढंच म्हणाले. मग आपल्या कोठारातून त्यांनी स्वतः केलेल्या डब्या आणल्या. अक्रोड, देवदार, पॉप्लर. एकीला रबरबँड लावून ती उभी धरून हलवली तर नळीपेक्षा गोड गॉबल निघाला. शेवटी फडताळातून एक पिवळट पोकळ कांडी काढली. टर्कीच्याच पंखाची हाडं एकात एक बसवून केलेली. इथल्या मूळ रहिवाशांनी शोधलेलं हे वाद्य. ओठांनी हवा आत ओढायची, गरम चहाचा भुरका घेतल्यासारखी. मास्तरांनी एक भुरका मारला आणि कोठारात मादी आली. मला वाटलं, सातारकरांना हे वाद्य शिकवायचीही गरज नाही. बशी काढून घेतली की झालं.

"आता पहिला नियम," मास्तर म्हणाले. "आठवडाभर काही वाजवायचं नाही. ऐकायचं."

मी हा नियम दोन तास पाळला.

नळी झटकण्याची रीत असते. खुळखुळ्यासारखी हलवली तर बदक निघतं. ताकासारखी घुसळली तर कोणीतरी बुडत असल्याचा भास होतो. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरला मनगटाने जो झटका देतात तो हवा, दोनदा-तीनदा, पहिला जोरात आणि शेवटचा विरत जाणारा. अख्खा गॉबल एक-दोन सेकंदांत संपतो. त्यापेक्षा लांबला की टर्की ओळखतो. गवईही ओळखतो.

घरात सराव करायला बंदी झाली. "अरे, निदान गुळण्या तरी बऱ्या होत्या," बायको म्हणाली. "त्यात पाणी संपायचं." मग मी गाडीत सराव सुरू केला. कामावरून येताना प्रत्येक लाल दिव्याला तीन गॉबल. एका दिव्यापाशी शाळेची पिवळी बस शेजारी येऊन थांबली. खिडकीतून एक सहा-सात वर्षांचा मुलगा पाहत होता. एक मध्यमवयीन माणूस, टाय लावलेला, डोळे मिटून काळं रबर झटकतोय. मी डोळे उघडले तेव्हा बसच्या त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या भरलेल्या होत्या आणि आतून तीसएक पोरं मला गॉबल करून दाखवत होती. त्यातले निदान चार माझ्याहून चांगले होते.

लेक तेव्हा सोळा वर्षांची. तिने एकच विनंती केली, "बाबा, माझ्या शाळेच्या रस्त्याने येऊ नकोस, प्लीज."

मिझुरीत 1 जानेवारी 1967 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला बंदुकीच्या शिकारीचा परवाना घ्यायचा तर आधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. मी ते घेतलं, उत्तीर्ण झालो आणि चांगलाच घाबरलो. कारण माझ्या आवडत्या नळीबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: जपून. मादीचा आवाज काढलात तर नर येतो. नराचा आवाज काढलात तर दुसरा शिकारीही येतो, तोही दबकत, बंदूक घेऊन आणि आवाजाच्या रोखाने. सार्वजनिक जंगलात गॉबल करणं म्हणजे माळेचा फटाका खिशात पेटवणं. बसायचं ते खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावून. कोणी माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, कॉल वाजवायचा नाही, मोठ्याने माणसासारखं बोलायचं. आणि अंगावर लाल, पांढरा, निळा रंग कुठेही नको, मोजेसुद्धा नकोत. टर्कीच्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. अमेरिकेच्या झेंड्याचे रंग घालून अमेरिकेच्या रानात जायचं नाही, हा नियम मला फार आवडला. नागरिकत्वाच्या परीक्षेत तो विचारायला हवा.

या रंगांवरून मी मास्तरांना जहांगीर बादशहाची गोष्ट सांगितली. 1612 साली मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याहून, पोर्तुगिजांकडून, बादशहासाठी काही अजब प्राणी-पक्षी आणले. त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहा त्याच्या डोक्या-मानेचे बदलते रंग पाहून इतका रंगला की आठवणींत त्याने त्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. दरबारातल्या उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मास्तर ऐकत राहिले. मग मी नावाची गंमत सांगितली. पक्षी मूळचा अमेरिकेचा. इंग्रजांनी तो तुर्कांच्या नावावर घातला. खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांच्या भाषेतही त्याचं नाव 'हिंदुस्थानातला' असंच निघतं. आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. गोव्यातल्या एखाद्या पोर्तुगीज साहेबाने नाताळात पेरू कापायला मागितला असेल तेव्हा स्वयंपाक्याने चाट मसाल्याची सोय केली असेल का, कोण जाणे.

मास्तर म्हणाले, "म्हणजे तुर्कांच्या हिशेबाने रानात तुमचाच गाववाला ओरडतोय."

"माझ्यासारखाच आहे," मी म्हटलं. "जिथे जाईल तिथे लोक विचारतात, तू मूळचा कुठला?"

मास्तर गंभीर झाले. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी इथे टर्की नव्हतेच. रानं तोडली, दिसेल तो पक्षी मारला आणि 1937 साली मिझुरीला शिकार बंदच करावी लागली. मग पिंजऱ्यात वाढवलेले टर्की आणून सोडले, ते रानात टिकले नाहीत. शेवटी जे थोडे रानटी उरले होते तेच जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले. ते तगले. 1960 साली वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली तेव्हा मास्तरांचे वडील तीन दिवस रानात बसून आले. पक्षी मिळाला नाही, पण गॉबल ऐकला. घरी येऊन त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर तोंडाने काढून दाखवला. "आई रागावली होती," मास्तर म्हणाले. वडिलांच्या घशातल्या आवाजाची आठवण सांगणारा दुसरा माणूस मला सातासमुद्रापार, कोठारात भेटत होता.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मोसम उघडला. मास्तरांच्या भावाच्या शेतावर आम्ही दोघंच, म्हणून नळी नेण्याची परवानगी मिळाली. बंदूक मास्तरांकडे, बाजा माझ्याकडे. पहाटे पाचला आम्ही एका ओकला पाठ लावून बसलो. अंगभर पानापानांचे छापील कपडे, तोंडावर जाळी. अंधारात मास्तरांनी तोंडाने घुबड काढलं. दरीपलीकडच्या झाडावरून ताबडतोब गॉबल आला. छातीत काहीतरी लक्कन हललं. न्हाणीघराच्या खिडकीतून ऐकणं वेगळं आणि त्याच्या घरात बसून ऐकणं वेगळं.

उजाडलं. रानातली रेडबडची झाडं जांभळट गुलाबी झाली. पंखांचा फडफडाट करत तो जमिनीवर उतरला. मास्तरांनी पाटीवर काडी टेकवली आणि मादी काढली, इतकी हळू की मला वाटलं त्यांच्या मनात येऊन गेली. टॉम आला. सत्तर पावलांवर, ओढ्याच्या पलीकडे, थांबला.

आणि थांबलाच. शेपटीचा पंखा उघडला, पंख जमिनीला घासत खाली सोडले, छातीवरची केसाळ दाढी लोंबत होती. डोकं पांढरं, गाल निळे, मानेखालच्या गाठी लालभडक. जहांगीर उगीच रंगला नव्हता. मधूनच त्याच्या छातीतून दूर कुठेतरी ट्रक सुरू व्हावा तशी घरघर यायची. ती ऐकू कमी आणि जाणवते जास्त. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: इथवर मी आलो, आता बाईसाहेबांनी ओढा ओलांडावा. बंदुकीची पोच चाळीस पावलं. त्याची नजर अशी की पापणी हलली तरी दिसते. त्यामुळे आम्ही दोन म्हातारे खांब झालो होतो.

पाऊण तास झाला. माझा डावा पाय मला सोडून गेला होता. पोटरीवरून एक गोचीड वर निघाला होता. मिझुरीच्या रानात वसंतात टर्की दिसो न दिसो, गोचीड भेटतोच. तो गुडघ्यापाशी थांबला, विचार केला आणि मांडीकडे वळला. मला हलायला बंदी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ओकचे पराग. घशात आधी खवखव, मग खाज, मग एक आख्खा सतरंजीचा धागा.

मास्तरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट उचललं. एकच गॉबल. छोटा. म्हणजे ओढ्यापलीकडच्या राजेसाहेबांना वाटेल की इकडे दुसरा कोणी पोचलाय, आणि ते तरातरा येतील.

इतक्या दिवसांचा सराव माझ्या मनगटात गोळा झाला. मी नळी झटकली. एकदा झटकायची होती. तीनदा झटकली गेली. साताऱ्याच्या गायकीत एका तानेवर थांबायची सवय नाही.

टॉमने पंखा मिटला. पंगतीत पान मिळणार नाही असं कळलेल्या पाहुण्यासारखा क्षणभर उभा राहिला आणि पाठ फिरवून टेकडी चढू लागला. त्याच वेळी डावीकडच्या झुडपातून तीन जेक धावत आले. जेक म्हणजे वर्षाचे नर, मिसरूड फुटलेले. कुठे मारामारी लागली की गल्लीतली पोरं बघायला धावतात, तसे. माझ्यापासून दहा पावलांवर उभे राहून त्यांनी माना लांब केल्या. एकाने गॉबल करायचा प्रयत्न केला. तो मध्येच चिरकला. बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनाही मारता आलं असतं, कायद्यात बसत होतं. मास्तरांनी बंदूक उचलली नाही. पाहुणे आले, यजमानांना न्याहाळलं आणि गेले.

"तो टॉम इथला मोठा नाही," मास्तर कुजबुजले. "याने कोणाचा तरी मार खाल्लाय. तुमचा गॉबल ऐकून त्याला तोच आठवला." थोडं थांबून म्हणाले, "आवाज चांगला होता. जास्तच चांगला होता."

नळी का जपून वापरायची ते मला तेव्हा कळलं. दुकानातल्या पोराने झटकायचं शिकवलं होतं. कधी झटकायचं नाही, हे मास्तर पहिल्यापासून सांगत होते आणि मी त्या वेळी झटकत होतो.

शिकार फसलीच होती, तेव्हा घशाचा हिशेब चुकता करायला हरकत नव्हती. मी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि खाकरलो. बाटलीतलं पाणी घेतलं, खर्जात सुरुवात केली, वर नेलं आणि घराण्याच्या रीतीने समारोप केला. ओकवरचे दोन कावळे उडाले.

टेकडीपलीकडून टॉमने ओ दिली. मग आणखी दुरून, डोंगराच्या कुशीतून, एक जाड, भारदस्त गॉबल आला. हा मोठा असावा. मास्तर तिकडे कान लावून राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हा कुठल्या कंपनीचा?"

"साताऱ्याचा," मी म्हटलं. "वडिलोपार्जित."

मे महिन्यात मोसम संपला. मास्तरांनी त्या वर्षी एकही पक्षी मारला नाही आणि तक्रारही केली नाही. नळी गाडीच्या डिकीत पडून आहे. पाटी आणि काडी मात्र मी रोज अर्धा तास घेऊन बसतो. मास्तर म्हणतात, पुढच्या वर्षी कदाचित मादी जमेल.

बायकोने कायद्यात दुरुस्ती केली आहे. एप्रिल-मे, पहाटे, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवून, दिवसाला एकच गुळणी. परवा ती केली. रानातून ओ आली. दुसरी करायचा फार मोह झाला, पाणीही तोंडात घेतलं होतं. पण ते हळूच बेसिनमध्ये सोडलं, पंच्याने तोंड पुसलं आणि बाहेर येऊन चहा मागितला.